मगदूम सरांचा सीआरपी

“म्हणजे हा आकडा उतरत नाही, तोवर राजमतीला कोणी ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. बरोबर?”

मगदूम सरांनी रिपोर्ट हातभर लांब धरून विचारले. टेबलापलीकडे आमच्या रुग्णालयाचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. उपळेकर बसले होते. मी खिडकीशी उभी होते, कारण रिपोर्ट माझ्या प्रयोगशाळेतून आला होता. आम्ही दोघेही सरांचे विद्यार्थी. सांगलीच्या आसपास ज्या डॉक्टरने अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र मगदूम सरांकडे शिकले नाही तो बाहेरगावचा समजावा, अशी तेव्हा स्थिती होती.

“बरोबर, सर,” उपळेकर म्हणाले. “तुमच्या शरीरात कुठेतरी दाह चालू आहे. नवी किडनी बसवली की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. आत कुठे जंतू दबा धरून बसले असतील, तर त्यांना मोकळं रान मिळेल.”

“कार्यकारणभाव स्पष्ट आहे.” सरांनी रिपोर्टाची घडी घातली आणि माझ्याकडे वळून विचारले, “आणि हा दाह नक्की कुठे आहे, कोठावळे?”

“ते हा आकडा सांगत नाही, सर.”

“मग तो सांगतो काय?”

“आहे, एवढंच.”

“अर्धवट उत्तर,” सर म्हणाले. “पण प्रामाणिक. अर्धे गुण.”

सीआरपी हे यकृतात तयार होणारे एक प्रथिन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. मधुमेहाने मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते नेहमीच थोडे चढलेले असते, कारण तो आजारच आतल्या आत धुमसणारा आहे. त्या वर्षी मी अशाच रुग्णांच्या रक्तातली दाहाची प्रथिने मोजत होते आणि त्यांवरून आजाराचा पुढचा वेग सांगता येतो का, हे तपासत होते. सर आपण होऊन त्या अभ्यासात आले होते. संमतिपत्रावर सही करताना त्यांनी “नमुना फार लहान आहे, यावरून निष्कर्ष काढलास तर पुन्हा बारावीला बसवीन” असे बजावले होते. तेव्हा त्यांचा सीआरपी आठ होता. त्या आजारात अपेक्षित असतो तेवढाच. आता तो चव्वेचाळीस झाला होता.

बाहेर बाकावर राजमतीअक्का बसल्या होत्या. सरांची धाकटी बहीण; त्या सरांना आण्णा म्हणत. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या. सरांची पत्नीही आधीच गेली होती आणि मूलबाळ नव्हते. पुढे भावाची मूत्रपिंडे गेली, तेव्हा “माझं एक घ्या” असे सांगणारे दुसरे कोणी नव्हते, आणि असते तरी अक्कांनी त्याला पुढे येऊ दिले नसते. रक्तगट जुळला, बाकीचेही जुळले.

“काय म्हनले गं बाई?” त्यांनी मला विचारले.

“थोडं थांबायचं आहे, अक्का.”

“आता आनि कशाला? माझं हाय चांगलं, त्याचं गेलंय. बदला की! सायकलीची टूब बदलाय येवढा येळ लागत न्हाई.”

“राजे, तू सायकल नाहीस,” सर म्हणाले.

“तू तर हाईस. पंक्चरलेली.”

तेवढ्यात समोरून आलेली एक प्रशिक्षणार्थी डॉक्टर सरांच्या पायांकडे वाकली. सरांनी सवयीने पाय मागे घेतले. “पाया पडायचं नाही. तिथे काहीही नाही.” हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलेले होते. सतराव्या वर्षी गुरुपौर्णिमेला मी वाकले, तेव्हा मलाही तेच ऐकावे लागले होते. त्यानंतर मी कोणाच्याच पाया पडले नाही.

सर आणि अक्का रिक्षेत बसल्यावर उपळेकरांनी मला थांबवले.

“डाव्या हाताची नस बंद पडली आहे. डायलिसिस उजव्या हातावर चाललंय आणि तीही नस कुरकुरते आहे. ती गेली, तर फारसं काही हाती राहत नाही. वर्ष, फार तर दोन. दाह शोध, मृदुला. सरांना असं जाऊ द्यायचं नाही.”

मी शोधायला लागले. छातीचे चित्र स्वच्छ आले. लघवीत जंतू नव्हते. दंतवैद्यांनी एकेक दात ठोकून पाहिला. हृदयाच्या झडपा, पित्ताशय, आतडी, डायलिसिसची नस, सगळे निर्दोष. शेवटी उपळेकरांनी त्यांना आठवडाभर भरती करून घेतले, आणि तेथे, कोणतेही औषध न देता, आकडा पंधरावर आला. आम्ही शस्त्रक्रियेची तारीख धरली. सर घरी गेले. तारखेच्या आधी रक्त तपासले, तर सत्तेचाळीस.

“मशीन चुकतं आहे का?” उपळेकरांनी विचारले.

“मशीन सगळ्यांसाठी चुकेल. एकट्या सरांसाठी चुकायला ते काही त्यांचा विद्यार्थी नाही.”

“मग आजारच तसा असेल. डायबेटिक किडनीत दाह असतोच, हे तूच सांगतेस.”

“असतो. आठ असतो, दहा असतो. रुग्णालयात पंधरा आणि घरी सत्तेचाळीस असा नसतो. मूत्रपिंड दोन्हीकडे तेच आहे. बदलतं आहे ते घर.”

म्हणून मी सरांच्या घरी गेले. सोबत रक्त घेण्याचे साहित्य होते आणि डोक्यात शंकांची रांग: विहिरीचे पाणी, ओल धरलेल्या भिंती, कोणा वैद्याचे भस्म. सर आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. अक्का मागच्या अंगणात चादर घासत होत्या.

“या की. हातपाय ओलं हायत, बसा तिथंच.” चादरीचे टोक त्यांनी माझ्यापुढे धरले. “ह्ये बगा. सोड्यात उकळली, लिंबू लावलं, उन्हात घातली. डाग काय हटंना. आण्णाच्या पायथ्याला रोज असला एक नवा डाग. विचारलं तर म्हंतो शाई सांडली. पायानं लिहितोय का काय ह्यो?”

डाग काळा-तपकिरी होता, कडेला गडद. मी तो पाहत राहिले. आमच्या लहानपणी परीट कपड्यांवर खुणा करायचा. त्या धुण्याने कधी जात नसत. कपडा विरायचा, पण खूण टिकायची. शाईचा डाग लिंबाने फिका पडतो. हा पडत नव्हता, कारण तो परटाच्या खुणेसारखाच बिब्ब्याचा होता, कातडी जाळणाऱ्या तेलाचा.

मी आत गेले. सरांनी वर्तमानपत्र खाली केले.

“रक्त घ्यायला स्वतः विभागप्रमुख? फार वाईट दिवस आले माझे.”

मी त्यांच्या खुर्चीपुढे गेले आणि वाकले.

“कोठावळे, हे काय नवीन?” सरांनी पाय खुर्चीखाली ओढले.

“नमस्कार नाही, सर. पाय दाखवा.”

“तपासले आहेत. उपळेकराने तपासले, त्याच्या पोरांनी तपासले.”

खरे होते, पण त्यांनी ते वरून पाहिले होते. टाच उचलायला कोणी हात पुढे केला की सर पाय आखडून घेत, आणि सर पाय आखडून घेतात यात कोणालाच नवल वाटत नसे. ज्याने आम्हाला पायांना कधी हात लावू दिला नाही, त्या माणसाला तळवे दाखवा म्हणण्याची हिंमत अख्ख्या रुग्णालयात कोणाची झाली नव्हती.

“सर, दाखवा. नाहीतर मी अक्कांना हाक मारते.”

त्यांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिले आणि डावा पाय पुढे केला. टाचेवर, आतल्या बाजूला, रुपयाएवढी जखम होती. कडा काळ्या आणि उतलेल्या. मध्ये ओल होती. मी बोटाने बाजूला दाबले. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मधुमेहाने पायाची संवेदना कधीच नेली होती.

“भेगांना लावलात?” मी विचारले. आमच्या भागात बिब्बा तापवून त्याचे तेल टाचेच्या भेगांत सोडतात. अजूनही सोडतात.

“मला भेगा नाहीत,” सर म्हणाले.

“मग?”

“तुम्ही दोघांनीच सांगितलंत. आकडा उतरत नाही तोवर राजमतीला टेबलावर घेणार नाही.”

बाहेर चादर आपटल्याचा आवाज येत होता. मी दार लोटले आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

“फार वाढवायचाही नव्हता,” सर शांतपणे सांगू लागले. “शंभरावर गेला असता, तर तुम्ही घाबरून आठवडेच्या आठवडे डांबून ठेवलं असतं. चाळीस-पन्नासच्या दरम्यान ठेवायचा होता. भरती झालो तेव्हा सोबत काही नेता आलं नाही, म्हणून उतरला. मात्रेचा अंदाज मात्र बरा जमला.”

“मात्रा!” माझा आवाज चढला. “सर, जंतूंना मात्रा कळत नाही. हे हाडात उतरलं असतं तर पाय गेला असता. रक्तात उतरलं असतं तर तुम्ही. हे अनुमापन नाही, ब्युरेट हातात धरून थेंब थेंब सोडायला!”

“हळू बोल. ती ऐकेल.”

“ऐकू दे. तुम्हाला किडनी नको आहे, तर नको म्हणा. एका शब्दाचं काम. उपळेकर प्रत्यारोपणाच्या कमिटीला कळवतील, अक्का घरी जातील.”

“ते मला म्हणता येत नाही.”

“का?”

सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. “तिचा रिपोर्ट तू पाहिलास ना? उपाशीपोटी साखर एकशे अठरा. आमची आई मधुमेहानं गेली, वडीलही. माझं हे असं. तिची साखर आज काठावर आहे, उद्या आत पडेल. तेव्हा तिच्याजवळ मूत्रपिंड एकच असेल. म्हणजे माझी जी गत आज दोन गमावून झाली, ती तिची एक गमावून होईल. उपळेकराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, काठावरची साखर चालते.’ तो मला वाचवायला निघालाय, कोठावळे. वाचवायला निघालेल्या माणसाला काठ रुंदच दिसतो.”

“मग अक्कांना सांगायचं.”

“सांगितलं. चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, म्हण, मी नाही म्हणणार नाही. म्हणालो.”

“तुमचा शपथेवर विश्वास?”

“माझा नाही,” सर म्हणाले. “तिचा आहे. मी शब्द मोडला आणि पुढे तिला साधं पडसं झालं, तरी ती म्हणणार, आण्णानं माझ्या डोक्यावरची शपथ मोडली. तेवढ्या भीतीत तिला ठेवायचं नव्हतं. मी नाही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. आकडा म्हणतो आहे.”

ज्यांनी आम्हाला प्रत्येक विधानाला पुरावा मागायला शिकवले, ते एका शपथेच्या अक्षराला चिकटून टाच जाळत बसले होते. मला राग आला होता. त्यांच्या युक्तिवादात मला चूक सापडत नव्हती, म्हणून तो आणखी वाढला. चूक होती ती पद्धतीत.

“सर, काठावर आहे की आत आहे, हे तुम्ही नुसतं मानलं आहे. उपळेकरांनीही मानलंच आहे. मोजलं कोणीच नाही.”

“म्हणजे?”

“ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. देणाऱ्याची साखर काठावर असेल, तर ती चाचणी करायलाच हवी. अक्कांची झालेली नाही. तुमच्यासाठी सगळ्यांना घाई होती. ती मी करते. साखर आत असेल, तर अक्कांना मी स्वतः नाही म्हणेन. तुमची शपथ शाबूत राहील. पण चाचणी निर्दोष आली, तर तुम्ही मुकाट टेबलावर जायचं. कबूल?”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“हे आधी कोणी का नाही सुचवलं?”

“तुम्ही आधी कोणाला पाय दाखवला नाहीत.”

“कबूल,” सर म्हणाले. मग उशीखालून कागदाची पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आत चार बिब्बे होते. “आणि हे राजमतीला कळता कामा नये. तिला वाटेल, मी तिला फसवलं.”

“फसवलंच आहे.”

“हो. पण तिला वाटायला नको.”

उपळेकरांना मी जखमेबद्दल सांगितले आणि बिब्ब्याबद्दलही. कारण सांगितले नाही. ते डोक्याला हात लावून हसले. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी त्यांनी सरांना मुलांदेखत विचारले, “सर, तुम्हीसुद्धा? रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि भेगांना बिब्बा?”

“म्हातारपण, उपळेकर,” सर म्हणाले. “अक्कल आधी जाते, भेगा मागून पडतात.”

मुले हसली. एक तर म्हणाला, “आमची आजीपण हेच करते, सर.” आयुष्यभर गंडेदोरे, अंगारे, ताईत यांची टर उडवलेल्या माणसाने खाली मान घालून ते हसणे घेतले. त्या खोलीत खरे कारण एकट्या मला ठाऊक होते, आणि मला बोलायची मुभा नव्हती.

प्रतिजैविके सुरू झाली. टाच भरत आली. सीआरपी तीस झाला, मग सतरा, मग नऊ. नऊवर तो थांबला. हा त्यांच्या आजाराचा स्वतःचा आकडा होता, माझ्या अभ्यासाला हवा असलेला. आता अक्कांची चाचणी सोडली तर शस्त्रक्रियेच्या आड काही नव्हते. अक्कांनी घरात लाडू वळले, नणंदेला फोन केला, नव्या चादरी आणल्या.

चाचणीच्या सकाळी त्या उपाशीपोटी आल्या. येताना वेणी माळली होती.

“ह्ये आनि कशाला?” पेला नाकाशी धरून त्यांनी तोंड वेडेवाकडे केले. “येवढं ग्वाड! सत्यनारायणाच्या परसादात बी इतकी साखर नसती.”

“शेवटची तपासणी, अक्का. एका दमात प्या.”

“शेवटची म्हनतीस, मग पिते.” त्यांनी पेला रिकामा केला आणि पदराने ओठ पुसले. “आण्णाला आता बरं वाटतंय बग. काल म्हनला, राजे, मी बरा झाल्यावर कुठं जायचं? मी म्हनलं, बाहुबलीला. तर म्हनला, देव सोडून दुसरं काय असंल तर सांग. मग ठरलं, कन्याकुमारी. तीन समुद्र बगायचेत त्याला. पाण्याचे रंग येगळे दिसत्यात म्हनं, ते खरं का खोटं ते तपासायचंय.”

दोन तासांनी मी स्वतः रक्त घेतले. नळी स्वतः फिरवली, यंत्रावर स्वतः लावली. पडद्यावर दोनशे बावीस आले. दोनशेच्या पुढे मधुमेह. मी नमुना पुन्हा लावला. मग दुसऱ्या यंत्रावर लावला. तेथे दोनशे एकवीस आले.

अक्का बाहेर बाकावर होत्या. त्यांना चुकवून मी मागच्या जिन्याने वर गेले. सर डायलिसिसवर होते. उजव्या हातातून निघालेल्या दोन नळ्या यंत्रात जात होत्या आणि डाव्या हातात रेल्वेचे वेळापत्रक उघडे होते. मला पाहून त्यांनी ते मिटले.

“झालं?”

“झालं, सर.”

“किती?”

“दोनशे बावीस.”

त्यांनी मान हलवली. त्यांचे भाकीत बरोबर निघाले होते. अक्कांचे दुसरे मूत्रपिंड अक्कांकडेच राहणार होते, शपथ मोडलेली नव्हती, आणि साखर वेळेवर सापडल्यामुळे उपचारही वेळेवर सुरू होणार होते. त्यांनी जे जे मागितले होते, ते सगळे त्यांना मिळाले होते. मी वाट पाहिली. मला वाटले, ते म्हणतील, पूर्ण गुण.

सरांनी वेळापत्रक पोटावर ठेवले. यंत्राचा पंप फिरत होता. त्यांनी छताकडे पाहिले, मग भिंतीकडे. त्यांचा आवाज आला तेव्हा तो मला ओळखता आला नाही.

“मृदुला.” त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. “एकदा पुन्हा करून बघशील?”

“करते, सर,” मी म्हणाले.

खाली आले. अक्का दारातच उभ्या होत्या.

“परत रगत पायजे का गं?”

“नाही, अक्का. आहे तेवढं पुरे.”

“मग खाऊ का आता? सकाळपास्नं पोटात काय न्हाई, त्या साखरेनं मळमळतंय.”

“खा,” मी म्हणाले. “इथेच बसा. मी आलेच.”

आत जाऊन मी दार लावून घेतले. नळी उचलली, हातात धरून सावकाश हलवली, आणि पुन्हा यंत्रावर ठेवली. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

आकडा तोच आला.